जमिनीतून येणारी माणसं

बेल वाजायच्या आधीच खारू दारापाशी जाऊन उभी राहायची.

आमचं घर एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. घरातली जमीन लाकडी, जिनाही लाकडी. खाली जिन्यावर कोणी पाऊल ठेवलं तर आम्हाला काही ऐकू येत नसे. खारू मात्र हातातलं खेळणं खाली ठेवायची, मान जराशी वाकडी करायची आणि दाराकडे चालू लागायची. मग बेल वाजायची. मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. मधे एकोणीस सेकंद गेले.

"काय तिखट कान आहेत हो हिचे!" येणारा प्रत्येकजण म्हणायचा.

"कानांचं नाही ते," सासूबाई म्हणायच्या. "तिला कळतं."

खारू हे काही तिचं खरं नाव नव्हे. दोन्ही हातांत बिस्कीट धरून गाल फुगवून खायची, म्हणून पडलेलं नाव. ती सव्वादोन वर्षांची होती आणि बोलत नव्हती. पहिल्या वाढदिवसाला तिचे सात शब्द होते, मी यादी करून ठेवली होती. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातले तीन उरले. मग तेही गेले. काही हवं असलं की आमचं बोट धरून ओढत न्यायची. खूश असली की घशातून एक खालच्या पट्टीतला हुंकार काढायची, लांबलचक, मधमाशीसारखा.

घरात ती आनंदी असायची. बाहेर नेलं की वेगळीच. दुकानात, बागेत, दवाखान्यात कोणी जवळ आलं की दचकायची, किंचाळायची आणि आजीच्या गुडघ्यांमागे तोंड लपवायची. लाजरी आहे, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात," नवरा म्हणायचा. "मी तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं."

"आणि नंतर मिटलं नाहीस," सासूबाई म्हणायच्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं होतं, "ऐकू येतं ना नीट?" त्यावर मी पर्समधून वही काढली होती.

मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करते. इतरांचे तराजू बरोबर आहेत की नाही हे जिथे ठरतं, तिथे. त्यामुळे घरीही मी चाचणी रीतसर घेतली होती. खारूला स्वयंपाकघरात जमिनीवर पाठमोरी बसवलं, मागे उभं राहून स्टीलची ताटली खाली टाकली. दहा वेळा, कमीजास्त अंतराने, म्हणजे तिला अंदाज बांधता येऊ नये. दहाही वेळा तिने वळून पाहिलं. मी लिहिलं, "दहापैकी दहा. श्रवण व्यवस्थित." खाली तारीख आणि सही. सवयच आहे.

डॉक्टरांनी ते वाचलं आणि हसले. "तुमच्यासारखे पालक असले की आमचं काम सोपं होतं. लाजाळू आहे, दुसरं काही नाही. तीन वर्षांपर्यंत वाट पाहू."

आम्ही वाट पाहत राहिलो. सहा महिने.

सासरे डॉक्टरांच्या त्या भेटीच्या दोन महिने आधी गेले होते, घरीच, झोपेत. त्यांची खोली आम्ही तशीच ठेवली होती. खाटेपासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत सात पावलं. दुपारी चार वाजता उठून काठी टेकत ते तेवढं चालायचे आणि चहा प्यायचे. मी कामावर असताना खारूला सासूबाई सांभाळायच्या, म्हणून दुपारच्या वेळी घरात काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि मी साडेतीनलाच घरी आले. किल्लीने दार उघडलं. घर शांत होतं. सासऱ्यांच्या खोलीत खारू जमिनीवर ठोकळे रचत होती. सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. बसची वाट पाहावी तशा. खुर्चीशेजारच्या स्टुलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप होता.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

"श्श. बस तिथे."

चार वाजून दोनेक मिनिटं झाली. खारूचा हात ठोकळ्यासकट हवेत थांबला. तिने तो ठोकळा हलकेच बाजूला ठेवला आणि तळवा जमिनीवर सपाट टेकवला. मग मान वर करून खाटेच्या उशाकडे पाहिलं. तिची नजर तिथून निघाली आणि हळूहळू, अडखळत, खोलीतून खिडकीकडे सरकत गेली. चालणाऱ्या माणसामागे नजर जाते तशी. खुर्चीपाशी थांबली. खारू हसली आणि तिने तो हुंकार काढला.

"आले," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता, "चहा बघ."

कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उमटत होती, एकात एक. खिडकी बंद होती. स्टुलाला कोणाचा हात लागलेला नव्हता. मी मोजायला लागले तेवढ्यात ती थांबली.

"रोज?" मी विचारलं.

"रविवारी नाही येत." त्या कप उचलायला उठल्या. "रविवारी तू घरी असतेस ना."

त्या दाराशी थांबल्या. "एकावन्न वर्षं संसार केला मी, आणि दर्शन कोणाला? हिला! जाऊ दे. तिला कळतंय तोवर मलाही कळतंय, ते येऊन गेले म्हणून."

माझ्या हातांवर काटा आला होता आणि तो बराच वेळ गेला नाही. एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

पुढच्या शुक्रवारी प्रयोगशाळेत नवी शिकाऊ मुलगी सगळ्यात नाजूक तराजूवर एक वजन तपासत होती. हा तराजू जाड दगडी ओट्यावर असतो आणि ओट्याचा पाया इमारतीपासून वेगळा काढलेला असतो.

"मॅडम, याला भूत लागलंय," ती म्हणाली. "शेवटचे दोन आकडे थांबतच नाहीत."

मी मान वर न करता, गेली अकरा वर्षं प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलेय तेच सांगितलं. "ओट्याजवळ येरझाऱ्या घालू नकोस. टाच टेकवतेस तू. तुझी पावलं तुला ऐकू येत नसतील, पण त्याला कळतात."

"इतकं? ओटा वेगळा असून?"

"ओटा नसता तर त्याने तुला जिन्यावरच ओळखलं असतं."

आणि माझ्या हातातला, वजन उचलायचा चिमटा तसाच थांबला.

ताटली मी लाकडी जमिनीवर टाकली होती. खारू त्याच जमिनीवर बसली होती. दहापैकी दहा. आमच्याकडे कोणी असा अहवाल आणला असता तर मी तो पहिल्याच ओळीला परत पाठवला असता.

रविवारी सकाळी मी मोठ्या पलंगावर आणखी दोन गाद्या रचल्या आणि त्यावर खारूला पाठमोरी बसवून रंगीत कड्या दिल्या. सहा फूट मागे उभी राहिले. या वेळी ताटली दोरीने हातात टांगली आणि लोखंडी डावाने तिच्यावर जोरात मारलं.

नवरा न्हाणीघरातून तोंडात फेस घेऊन धावत आला. "काय पडलं?"

खारू कडीवर कडी घालत होती.

मी पुन्हा मारलं. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, मग खारू म्हणून. तिने पिवळी कडी उलटसुलट करून पाहिली, दातांनी चावली.

मग तिला उचलून जमिनीवर बसवलं, पुन्हा पाठमोरी. मी मोजे घातले होते. टाचा उचलून बोटांवर उभी राहिले आणि एकच टाच हळूच खाली सोडली. मला काही ऐकू आलं नाही. नवऱ्यालाही नाही. खारू वळली, मला पाहून हसली आणि तिने घ्यायला हात पसरले.

"परत कर," नवरा म्हणाला.

मी पाच वेळा केलं. चौथ्या वेळेपासून तो तिच्याकडे पाहत नव्हता, भिंतीकडे पाहत होता.

"हिला ऐकू येत नाही," तो कुजबुजला. आणि कुजबुजायची काही गरज नव्हती, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

सासूबाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्या सासऱ्यांच्या खोलीत चादर बदलत होत्या. मी सगळं सांगितलं, ताटलीचं, टाचेचं. त्यांनी चादरीची घडी पुरी केली.

"म्हणजे चार वाजता तिला जे कळतं ते?"

"ते जमिनीतून येतं, आई. काहीतरी हलतं कुठेतरी. तिला ते हाताला लागतं, पायाला लागतं."

"काय हलतं?"

"माहीत नाही. शोधता येईल. आमच्याकडचं यंत्र दोन दिवस इथे ठेवलं तर..."

"डॉक्टर म्हणाले ना, तीन वर्षांपर्यंत थांबा."

"ते माझ्या कागदावरून म्हणाले. माझा कागद चुकला होता."

"तुझा कागद!" त्या म्हणाल्या. माझ्या मोजमापांबद्दल बोलताना पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. उशीवरून हात फिरवत राहिल्या. "तिच्या कानांना यंत्रं लावतील. मग ती आपल्यासारखं ऐकेल."

"आपल्यासारखं नाही, पण ऐकेल. बोलायलाही शिकेल. उशीर होतोय तेवढं अवघड होत जाणार आहे."

"आणि मग तिचा हात जमिनीवर जाणार नाही."

मी खाली पडलेली जुनी चादर उचलून घेतली.

"ने तिला," त्या म्हणाल्या. "मी पण येते. पण एक कबूल कर. इथे काय हलतं ते शोधायचं नाही. तू नाही, तुझं यंत्रही नाही. कधीच नाही."

"कबूल."

"तसं नको. त्या वहीत लिही. तारीख घाल."

मी लिहिलं. शोधणार नाही, असं मी आजवर दुसऱ्या कशाबद्दलही लिहून दिलेलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी खाली उतरलो. तळमजल्यावर पुस्तकबांधणीचं दुकान होतं. बांधणीवाला तीन महिन्यांपूर्वीच नवा आला होता. तो फळी उघडत होता. सासूबाई खारूला घेऊन पुढे रिक्षापर्यंत गेल्या होत्या.

"ताई, आजोबांची तब्येत आता बरी दिसते," तो म्हणाला.

मी थांबले.

"नाही, म्हणजे मी कधी वर आलो नाही, पण रोज कळतं ना. चारच्या सुमाराला माझ्या डोक्यावरून चालत जातात, काठी टेकत. खिडकीपर्यंत. रोजचं झालंय आता, ती पावलं ऐकली की मी माझा चहा ठेवतो." तो हसला. "रविवारचं माहीत नाही, दुकान बंद असतं."

किती पावलं, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं.

"बरे आहेत," मी म्हणाले, आणि रिक्षाकडे गेले.

कान तपासणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. तपासणीची खोली लहान होती, भिंतींवर जाड कापसासारखं अस्तर, खाली गालिचा. दार लावलं की कानांवर दाब आल्यासारखं व्हायचं. खोलीच्या एका भिंतीत काच होती आणि काचेपलीकडे बाईंचं टेबल.

"मूल ज्यांच्या मांडीवर बसेल त्यांनी एक सांभाळायचं," त्या म्हणाल्या. "आवाज आला तरी हलायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचं नाही. ऐकू न येणारी मुलं आपलं अंग वाचतात. तुम्ही दचकलात की तीही वळेल आणि मी फसेन."

मी खोलीत शिरणार तेवढ्यात सासूबाई खारूला घेऊन खुर्चीवर बसल्यासुद्धा.

"आई, मी बसते."

"तू फसतेस," त्या म्हणाल्या. "बाहेर बस."

मी काचेच्या अलीकडे बसले. बाई बटण फिरवत होत्या आणि छोट्या पडद्यावर आवाज किती मोठा ते सांगणारे आकडे चढत होते. आकडे वाचणं हा माझा धंदा आहे. खालच्या पट्टीतले घुमणारे आवाज पन्नासच्या पुढे गेल्यावर खारूने डोकं वळवलं. हसलीही. मग बाईंनी पट्टी वर नेली, माणसांच्या बोलण्याच्या पट्टीत. चाळीस. पन्नास. साठ. खारू आजीच्या बाहीचं बटण ओढत होती. सत्तर. सासूबाईंचा चेहरा दगडासारखा होता, पण खारूच्या पोटाभोवती गुंफलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. ऐंशीला त्यांनी डोळे मिटले. काचेच्या अलीकडे मला काहीच ऐकू येत नव्हतं. एका खुर्चीत, एका मांडीवर, एक माणूस कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बसलं होतं आणि दुसरं पूर्ण शांततेत, आणि त्या दोघींच्या मधे फक्त कापड होतं.

खारूने बटण तोंडात घातलं.

नंतर बाईंनी आम्हाला समोर बसवून कागदावर रेषा काढून दाखवली. डावीकडे, खालच्या पट्टीला, बऱ्यापैकी वर, मग कड्यावरून घसरावी तशी खाली गेलेली. झोपेत करायची आणखी एक तपासणी बाकी होती आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. पण कानातल्या यंत्रांची तयारी आजपासूनच करू, असं त्या म्हणाल्या.

"जन्मली तेव्हा तपासलं होतं," मी म्हणाले. "कागद आहे. ठीक होतं."

"तेव्हा असेलही ठीक. काही मुलांचं नंतर कमी होत जातं. सात शब्द होते म्हणालात ना? मुलं उशिरा बोलतात, काही लाजरी असतात, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण आलेले शब्द गेले की कुठल्या वाढदिवसाची वाट पाहायची नसते. त्याच आठवड्यात यायचं."

त्या रागावल्या नव्हत्या. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण लाजरी आहेच ती," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर माणसांना घाबरते. घरात नाही."

"घरी जमीन कसली आहे?"

"लाकडी."

बाईंनी मान डोलावली. "मग घरी तिला कोण येतंय ते आधी कळतं. बाहेर फरशीवर, गालिच्यावर चाहूल लागत नाही. तिच्यासाठी तिथे माणसं येत नाहीत, एकदम असतात. रिकामी जागा असते आणि पुढच्या क्षणी तिथे चेहरा असतो, तोंड हलतंय, आवाज नाही. आजी, तुम्ही किंचाळला नसतात?"

आम्ही बाहेरच्या गालिचा घातलेल्या बोळात आलो. खारू आजीच्या गुडघ्यांना चिकटून उभी होती. वळणावरून एक बाई फायली घेऊन आल्या. मग एक उंच गृहस्थ. मग हातात कप घेतलेली मुलगी, खारूकडे वाकून ओठ हलवत. मी कानांवर हात ठेवून पाहिलं. चेहरे नुसते उगवत होते, भिंतीतून निघाल्यासारखे, थेट अंगावर. त्यांतला प्रत्येक चेहरा हसत होता.

"म्हणजे भुतं आपणच," सासूबाई हळूच म्हणाल्या.

नावनोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीने वही उघडली. "कानाच्या साच्याचं माप घ्यायला तीन आठवड्यांनंतरची तारीख आहे. नाहीतर आज एक जागा रिकामी झालीये, पण थांबावं लागेल. चार वाजता."

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. तीन आठवड्यांनी फार बिघडत नाही, असं मी म्हणणार होते. ते खोटं नव्हतं.

"चारला," सासूबाई म्हणाल्या. "आजच."

आम्ही बाकावर बसून राहिलो. त्यांनी खारूला समोर घेतलं, तोंड तिच्या तोंडासमोर आणून तिला तिच्या बोटांची नावं सांगितली, एकेक करून, पुन्हा पुन्हा. चार वाजता त्याच बाईंनी खारूच्या कानात गुलाबी लगदा भरला, गार, ओला. खारू जिवाच्या आकांताने रडली. सासूबाईंनी तिचं डोकं छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्यांनी पूर्ण वेळ तोंड खारूच्या केसांत खुपसलं होतं.

ती रडून रडून झोपली, मी तिला मांडीवर घेतलं, तेव्हा बाईंनी दोन्ही साचे काढून एका थाळीत ठेवले. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान, वळणं वळणं असलेले. माझ्या मुलीच्या कानातली पोकळी बाहेर येऊन गुलाबी झाली होती. मी सवयीने अंदाज केला, चौदा मिलिमीटर.

"हात लावला तर चालेल?" सासूबाईंनी विचारलं.

"हलकेच. आता कडक झालेत ते."

त्यांनी एक साचा तळव्यावर घेतला. काही वेळ नुसता पाहिला. मग तो तोंडाजवळ नेला आणि ओठ अगदी टेकवून काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. बाई कागद लिहायच्या थांबल्या. मी हातभर अंतरावर होते आणि मला एक अक्षरही ऐकू आलं नाही.

माझ्या मांडीवर, झोपेतच, खारू हुंकारली.